लपविलेली कळ

गेल्या वर्षी फेब्रुवारीत आम्ही दोघे सांगलीहून मुलाकडे, अमेरिकेतील इंडियानापोलिस शहरी, गेलो. सामानात मेतकूट होते, सौ.ने केलेले डिंकाचे लाडू होते, सहा महिने पुरतील एवढ्या गोळ्या होत्या. आणि एक गोष्ट अशी होती जी कोणत्याच यादीत लिहिलेली नव्हती. निघण्याच्या तीन आठवडे आधी, पहाटे उठून जात असताना, मी न्हाणीघराच्या उंबऱ्याशी पडलो होतो. हाड मोडले नाही. कोपर सोलवटले, कमरेवर काळानिळा डाग उमटला. सौ. हळद घेऊन आली तेव्हा मी तिला एवढेच म्हणालो, "मुलाला सांगू नकोस. तिकिटे रद्द करायला लावील." ती काही बोलली नाही. वाचकहो, तुमच्यापैकी किती जणांच्या घरी अशी न बोलणारी साक्षीदार आहे, हे मी विचारीत नाही.

तिकडे बाहेर बर्फ, घरात हीटरची घरघर, मुलगा-सून दिवसभर कामावर. दुपारी चारला नातू शाळेतून येई तेव्हा घरात जीव येई. ईशान त्या वेळी सोळा वर्षांचा होता. त्याला बास्केटबॉल खेळता येत नाही. तो तसे मोकळेपणाने सांगतो. त्याचा छंद निराळा आहे. महाविद्यालयांत खेळणाऱ्या मुलांपैकी उद्या व्यावसायिक संघात कोण टिकेल, याचा तो अंदाज बांधतो. त्यासाठी त्याच्याकडे एक जाड वही आहे. तीत प्रत्येक खेळाडूला एक पान. मी अडतीस वर्षे गणित शिकविले. वही दिसली की ती उघडून पाहण्याची खोड अजून गेलेली नाही.

या निवडीला तिकडे 'ड्राफ्ट' म्हणतात. एनबीए या व्यावसायिक स्पर्धेत तीस संघ आहेत. दरवर्षी जून महिन्यात ते पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात. दोन फेऱ्या, म्हणजे जास्तीत जास्त साठ मुले. आणि महाविद्यालयांचे वरच्या श्रेणीतील संघच साडेतीनशेहून अधिक! आदल्या हंगामात जो संघ मागे पडला, त्याला आधी निवडण्याची संधी अधिक मिळते. मात्र कोणी मुद्दाम हरू नये म्हणून पहिल्या काही पाळ्यांसाठी सोडत काढतात. चौदा चेंडूंतून चार काढले तर १००१ संच होतात. त्यांतला एक बाद ठरवून उरलेले १००० चौदा संघांत वाटले जातात. तळाच्या तीन संघांना प्रत्येकी १४०. मी ते कागदावर मांडून पाहिले आणि १००१ हा आकडा बरोबर निघाला, तेव्हा ईशानच्या नजरेत माझी किंमत थोडी वाढली.

एका शनिवारी तो मला सामना पाहायला घेऊन गेला. बटलर विद्यापीठाचे हिंकल फील्डहाउस हे क्रीडागृह १९२८ साली उभे राहिले. विटांच्या त्या जुन्या इमारतीला उंच खिडक्या आहेत आणि दुपारच्या सामन्यात त्यांतून खरोखरीचे ऊन मैदानावर येते. मी चेंडूकडे पाहत होतो. ईशान म्हणाला, "आजोबा, चेंडूकडे सगळेच बघतात. ज्याच्या हातात चेंडू नाही, त्याच्याकडे बघा." त्याने मला एक उंच, डावखुरा मुलगा दाखविला. सहकारी चुकला की तो काय करतो? प्रशिक्षकाने बाहेर बोलावले की खुर्चीवर कसा बसतो? दमल्यावर गुडघ्यांवर हात ठेवतो का? संघांचे निरीक्षक हे सारे टिपतात. इतकेच नव्हे, ते त्या मुलाच्या शाळेतील शिक्षकांना, टॉवेल-बाटल्या सांभाळणाऱ्यांना भेटतात आणि विचारतात, कोणी पाहत नसते तेव्हा हा कसा असतो?

वहीतील एका पानावर 'वय जास्त' असा शेरा होता. त्या मुलाचे वय होते बावीस. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. खरोखर बावीस. नियमाप्रमाणे त्या वर्षी एकोणीस पूर्ण होणाऱ्या आणि शाळा संपून एक वर्ष झालेल्या मुलाला ड्राफ्टमध्ये येता येते. २००६ पासून हा नियम आहे. त्यामुळे गुणवान मुले महाविद्यालयात एकच वर्ष काढून निघतात आणि चार वर्षे पुरी करणारा मागे पडतो. एकोणीस वर्षांचा मुलगा आज जे करतो त्याहून पुढे जास्त करील, बावीसचा बहुधा जेवढा आहे तेवढाच राहील, असा हिशेब. मी त्र्याहत्तर वर्षांचा आहे हे ऐकून त्या पानावरील मुलाला किती धीर आला असता!

मोजमापांचा भाग मला अधिक आवडला. मे महिन्यात शिकागोला निवडक मुलांना बोलावून त्यांची तपासणी करतात. जोडे काढून उंची घेतात. दोन्ही हात आडवे पसरायला लावून एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंतचे अंतर मोजतात. हात उंच करून तो कुठवर पोहोचतो ते पाहतात. मी ईशानला म्हटले, अरे, यात नवे काय आहे? आमच्याकडे दोर मोजायचा तो 'वावे'त, म्हणजे पसरलेल्या हातांच्या मापात. आणि विहिरीची खोली 'परसा'त, म्हणजे हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाच्या मापात. त्याने दोन्ही शब्द वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतले. माणसाची वाव साधारणपणे त्याच्या उंचीएवढी असते. या मुलांत ती पुष्कळदा जास्त भरते. मिशिगन स्टेट विद्यापीठाचा ड्रेमंड ग्रीन २०१२ साली थेट पस्तिसाव्या क्रमांकाला निवडला गेला. चार वर्षे महाविद्यालयात काढलेला, उंची जेमतेम साडेसहा फूट. धिप्पाडांपुढे बुटका आणि चपळांपुढे जड, असे त्याचे वर्णन होई. मात्र त्याची वाव सात फुटांहून अधिक होती, आणि मैदानावर कोण कुठे जाणार हे त्याला इतरांच्या आधी कळे. पुढे तो विजेत्या संघाचा खांब ठरला.

आकड्यांबाबत मात्र ईशानची एक चूक मी पकडली. एका मुलाने लांबून केलेल्या चाळीस फेकांपैकी अठरा यशस्वी केल्या होत्या, म्हणजे शेकडा पंचेचाळीस. ईशानने त्यापुढे तारा काढला होता. मी विचारले, "चाळीसच? आणखी दोन चुकल्या असत्या तर?" मग आम्ही त्याच मुलाच्या मोकळ्या फेकी पाहिल्या. या फेकी पंधरा फुटांवरून, समोर कोणी अडवायला नसताना करायच्या असतात. त्या एकशेवीसपैकी बहात्तर, म्हणजे शेकडा साठच. जाणकार लांबच्या फेकीच्या भविष्याचा अंदाज बांधताना या मोकळ्या फेकींकडे विशेष लक्ष देतात. तिथे मनगटाचे खरे उत्तर मिळते. ईशानने तारा खोडला. थोड्या नोंदींवरून मोठा निष्कर्ष काढू नये, हे मी वर्गात हजार वेळा सांगितले असेल. घरी येऊन "एकदाच तर पडलो" असे स्वतःला समजावताना मात्र ते आठवत नाही.

कारण तोवर मी दुसऱ्यांदा पडलो होतो. एप्रिलमध्ये, तळघराच्या जिन्यावर, शेवटच्या दोन पायऱ्यांवर. कपड्यांचे यंत्र सुरू होते, त्या आवाजात कोणाला काही ऐकू गेले नाही. मी बसूनच राहिलो, मग कठडा धरून उठलो आणि वर येऊन चहा मागितला. सौ.ने माझ्या पायजम्यावरची धूळ झटकली, काही न विचारता.

तुम्ही म्हणाल, का लपविले? कारणे मलाही पाठ आहेत. परदेशातील डॉक्टरचा खर्च. आमच्या प्रवासविम्यात जुन्या दुखण्यांना जागा नव्हती. मुलाची नोकरी, सुनेची धावपळ. पण खरे कारण याहून साधे होते. एकदा "बाबा पडतात" असे घरात म्हटले गेले की जिना बंद, एकट्याने फिरायला जाणे बंद, न्हाणीघराची कडी बंद. माणूस मोजला जातो आणि मग त्याच्यापुढे शेरा पडतो. बावीस वर्षांच्या मुलापुढे पडला होता तसाच.

मे महिन्यात शिकागोच्या तपासणीच्या बातम्या येऊ लागल्या तशी आमची वही भरू लागली. त्या दिवसांत ईशानने मला जुन्या निवडींच्या कथा सांगितल्या. २००७ साली केव्हिन ड्युरंट हा टेक्सास विद्यापीठाचा काटकुळा मुलगा तपासणीत १८५ पौंडांचे, म्हणजे सुमारे ८४ किलोंचे वजन छातीवरून एकदाही उचलू शकला नाही. त्याची थट्टा झाली. त्याच्या आधी, पहिल्या क्रमांकाला, ग्रेग ओडेनची निवड झाली. ओडेन इंडियानापोलिसच्याच शाळेत शिकलेला. सात फूट उंच, भरदार. काही महिन्यांतच त्याच्या उजव्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली आणि पहिला हंगाम पूर्ण बुडाला. साऱ्या कारकिर्दीत तो एनबीएचे १०५ सामने खेळला. वजन न उचलणारा ड्युरंट या खेळातील सर्वोत्तम गुणसंपादकांपैकी एक झाला. याचा अर्थ तपासणी व्यर्थ असते असा कोणी घेऊ नये. २०१४ साली बेलर विद्यापीठाचा आयझेया ऑस्टिन निवडीच्या उंबरठ्यावर होता. तपासणीत त्याच्या हृदयाच्या आलेखाविषयी शंका आली, पुढे जनुकीय चाचणी झाली आणि निवडीच्या काही दिवस आधी निदान आले: मार्फन सिंड्रोम. या विकारात शरीरातील जोडऊतक दुबळे असते आणि हृदयातून निघणारी महाधमनी फुगून फाटण्याचा धोका असतो. खेळणे थांबले. निवडीच्या रात्री एनबीएच्या प्रमुखांनी पंधराव्या आणि सोळाव्या निवडीच्या मधे त्याचे नाव सन्मानाने पुकारले. सारे सभागृह उभे राहिले. पुढे काही वर्षांनी डॉक्टरांच्या परवानगीने तो परदेशांत खेळला, हे विशेष.

आणि मग सॅम बोवी. ही गोष्ट ईशानने एका रात्री जेवण झाल्यावर, मी पाटावर, तो जमिनीवर, अशी सांगितली. १९८४ सालची निवड. पहिला हकीम ओलाजुवान. दुसऱ्या पाळीला पोर्टलंडच्या संघाने केंटकी विद्यापीठाच्या उंच बोवीला घेतले, आणि तिसऱ्या पाळीला शिकागोला मिळाला मायकेल जॉर्डन. यासाठी पोर्टलंडला लोक आजतागायत हसतात. मला ते अन्याय्य वाटते. त्यांच्याकडे जॉर्डनच्या जागेवर खेळणारा चांगला मुलगा आधीच होता, उणीव उंच माणसाची होती. प्रश्न बोवीच्या पायाचा होता. डाव्या नडगीच्या हाडाला चीर जाऊन महाविद्यालयातील त्याचे दोन हंगाम वाया गेले होते. म्हणून पोर्टलंडच्या डॉक्टरांनी त्याला कसून तपासले. लहानशा हातोडीने नडगीवर ठोकून विचारले, दुखते का? तो म्हणाला, नाही. अनेक वर्षांनी, २०१२ सालच्या एका माहितीपटात, बोवीने स्वतः सांगितले की आतून दुखत होते. आपल्या माणसांच्या गरजा डोळ्यांपुढे होत्या, त्या जागी कोणीही हेच केले असते, असेही तो म्हणाला. पायांच्या दुखापतींमुळे पोर्टलंडकडील पाच हंगामांत त्याला १३९ सामनेच खेळता आले.

मी म्हणालो, "बिचारा." ईशान म्हणाला, "डॉक्टर बिचारे. त्यांनी विचारलं होतं."

मी पाटावरून उठायला गेलो. नेहमीप्रमाणे डोळ्यांपुढे एक करडा पडदा आला, टेबलाची कड हाताला लागली, पडदा सरला. ईशान पाहत होता. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी वही टेबलावर उघडी होती, माझ्यासाठीच ठेवल्यासारखी. पानाच्या वर माझे नाव, इंग्रजी लिपीत. उंची पाच फूट साडेपाच इंच, वाव पाच फूट सहा इंच. ही मापे आम्ही भिंतीवर पेन्सिलीने हसत-खेळत घेतली होती. 'बलस्थाने' याखाली: गणित, स्मरणशक्ती, गोष्टी. त्याखाली 'काळजीच्या बाबी'. त्या मी मराठीत सांगतो. बसून उठताना पहिली तीन पावले डावीकडे झुकतात. रोज काहीतरी धरतात. एप्रिलपासून तळघरात जात नाहीत. आजी त्यांच्या आधी न्हाणीघरात जाऊन पायपुसणे सरळ करते. विचारले तर 'काही नाही' म्हणतात.

कोणी पाहत नसते तेव्हा हा कसा असतो, ते त्याने टिपले होते.

त्या रात्री मी मुलाला सांगितले. तो रागावला, मग रडला, मग फोन घेऊन डॉक्टर शोधू लागला. मला सर्वांत जास्त लागले ते सौ.चे वाक्य. ती म्हणाली, "मला रात्री तुमच्या पावलांचा आवाज मोजायची सवय लागली होती हो. बारा पावलं झाली की मग झोप यायची." साडेचार महिने मी फक्त माझी कळ लपवीत होतो असे मला वाटत होते. ती लपविण्याचे काम मी दुसऱ्याकडूनही करवून घेत होतो. जे तुमची देखभाल करतात त्यांना तुम्ही गप्प बसवता तेव्हा त्यांची झोप तुम्ही घेता. हे मला कळायला सत्तरी ओलांडावी लागली.

वार्धक्यातील आजारांच्या एका तज्ज्ञ डॉक्टरबाई मिळाल्या. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "गेल्या वर्षभरात किती वेळा पडलात?" मला हातोडी दिसली. तोंडात "नाही" हा शब्द अगदी तयार होता, जीभ टाळ्याला लागलेली. मी म्हणालो, "दोनदा. आणि तोल तर रोज जातो."

त्यानंतर जे झाले त्यात कोणतेही मोठे यंत्र नव्हते. मला पाच मिनिटे आडवे निजवून रक्तदाब घेतला, मग उभे करून एका मिनिटाने आणि पुन्हा तीन मिनिटांनी घेतला. निजलेला असताना वरचा आकडा १३८, उभा राहिल्यावर ११२. उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा वीस किंवा अधिक उतरला तर तो दोष मानतात. माझा सव्वीस उतरला होता. मग खुर्चीवर बसवले. उठायचे, नेहमीच्या चालीने तीन मीटर चालायचे, वळायचे, परत येऊन बसायचे. त्यांच्या हातात स्टॉपवॉच. बारा सेकंद किंवा त्याहून अधिक लागले तर पडण्याचा धोका आहे असे धरतात. मला पंधरा लागले. अर्ध्या मिनिटात हातांचा आधार न घेता किती वेळा उठता-बसता येते ते मोजले. एका पावलाच्या टाचेला दुसऱ्याची बोटे टेकवून दहा सेकंद उभे राहायला सांगितले. मी चारला डगमगलो. ईशान कोपऱ्यात उभा राहून सारे लिहून घेत होता. शिकागोची तपासणी त्याला घरच्या माणसाची बघायला मिळाली.

शेवटी त्यांनी गोळ्यांची पिशवी टेबलावर उपडी करायला लावली. रक्तदाबाची एक गोळी, प्रोस्टेटसाठी एक. दोन्ही मी रात्री झोपताना एकत्र घेत होतो, आणि पहाटे उठत होतो. प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनी उभे राहताना रक्तदाब उतरू शकतो, हे मला कोणी सांगितले नव्हते. किंवा सांगितले असेल, मी विचारले नव्हते. त्यांनी एक मात्रा कमी केली, एका गोळीची वेळ बदलली. वाचकहो, हे वाचून तुमच्या गोळ्यांना हात लावू नका. माझे गणित तुम्हांला लागू पडेलच असे नाही. पण गोळ्यांची सगळी पिशवी घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जा आणि निजून-उभे राहून रक्तदाब मोजायला सांगा. पाच-दहा मिनिटांचे काम आहे. बाकी उपाय अगदी गावंढळ वाटतील असे: पलंगाच्या कडेला दोन मिनिटे पाय सोडून बसावे, पावले वरखाली हलवावीत, मगच उठावे, न्हाणीघरात भिंतीला पक्का दांडा, रात्री मंद दिवा, आणि रोज सकाळी स्वयंपाकघराचा ओटा धरून खुर्चीतून दहा वेळा उठ-बस. माझी काठीही आली. जिना मात्र कोणी बंद केला नाही. कठडा धरून उतरायचे आणि हाक मारून उतरायचे, एवढीच अट.

जूनमध्ये निवडीची रात्र आली. सुनेने भेळ केली होती. हिंकल फील्डहाउसमध्ये पाहिलेल्या त्या डावखुऱ्या मुलाचे नाव पहिल्या फेरीत आले नाही, दुसऱ्या फेरीतही आले नाही. ईशान उशिरापर्यंत जागत होता. मी विचारले, आता त्याचे काय? तो म्हणाला, निवड न झालेल्या मुलांनाही संघ बोलावतात, उन्हाळी सामन्यांत खेळवून पाहतात. नाहीतर दुसऱ्या देशांत जातात. त्याने त्या मुलाचे पान फाडले नाही. तारीख घालून खाली जागा मोकळी सोडली.

आम्ही जुलैअखेर सांगलीला परतलो. माझे पान त्याच्याच वहीत राहिले. दर रविवारी सकाळी त्याचा फोन येतो, तिकडे शनिवारची रात्र असते. मी बैठकीच्या खोलीत फरशीवर खडूने केलेल्या खुणेपर्यंत चालून येतो, सौ. मोबाइलवर सेकंद मोजते. मागच्या रविवारी त्याने विचारले, "आजोबा, किती?"

"साडेबारा," मी म्हणालो.

मागून सौ.चा आवाज आला, "तेरा. आणि वळताना खुर्ची धरली."

पलीकडे पेन चालल्याचा आवाज आला.